सांगितलेलं पोचलं का? स्पष्ट बोलण्याची आणि नीट ऐकण्याची पद्धत

"मी सांगितलं होतं" आणि "असं कुठे सांगितलं होतं?" ही दोन वाक्यं आमनेसामने येतात, तेव्हा बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. एकाने खरंच सांगितलेलं असतं आणि दुसऱ्याने खरंच वेगळं ऐकलेलं असतं. सांगितलेलं पोचलं की नाही, हे मात्र त्या वेळी कोणीच तपासलेलं नसतं.

तपासलं जात नाही, कारण बोलणाऱ्याला आपलं बोलणं नेहमीच स्पष्ट वाटतं. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात यावर एक प्रयोग केला होता. काही जणांनी ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. निम्मी गाणी तरी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, समोरच्याला मात्र नुसती टकटक ऐकू येते. म्हणून आपण स्पष्ट बोललो की नाही, याचा निकाल बोलणाऱ्याने स्वतः देऊ नये. तो ऐकणाऱ्याकडून काढून घ्यावा. ते कसं करायचं हा या लेखाचा मुख्य भाग आहे, पण आधी थोडी बोलण्याची तयारी.

तोंड उघडण्याआधी

स्वतःला एक प्रश्न विचारा: हे ऐकून झाल्यावर समोरच्याने काय करायला हवंय? काम करायचंय, निर्णय द्यायचाय, की नुसतं कानावर असू द्यायचंय? याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर बोलायची वेळ अजून झालेली नाही. देता येत असेल, तर तेच वाक्य सगळ्यात आधी बोला. "तुमच्याकडून एक निर्णय हवाय." "हे फक्त कानावर घालतोय, तुम्हाला काही करायचं नाहीये." एवढं न सांगता थेट हकिगत सुरू केली, तर ऐकणारा पहिली पाच मिनिटं "हे मला का सांगतायत?" याच विचारात घालवतो, आणि नेमकं त्याच पाच मिनिटांत महत्त्वाचं काहीतरी निसटतं.

मग क्रम. हकिगत आपण घडली तशी सांगतो. काम सांगताना तो क्रम उलटा करा: आधी काम, मग त्याचं कारण, आणि वेळ असेल तर मागचा इतिहास. कारण मात्र गाळू नका. कारण माहीत असलेला माणूस अडचण आली की स्वतःच योग्य वाट काढतो. ज्याला नुसतं काम माहीत असतं, तो थांबून राहतो किंवा चुकीची वाट काढतो.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे वाक्य लांबलं की काय करायचंय हे कळेपर्यंत ऐकणाऱ्याला सगळ्या अटी डोक्यात धरून बसावं लागतं. हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा: "कालच्या यादीतल्या, ज्यांचे अर्ज अपुरे आहेत पण फोन नंबर दिलेले आहेत अशा लोकांना, ज्यांना आधीच कळवलंय ते सोडून, आज दुपारी दोनच्या आत फोन करून राहिलेले कागद आणायला सांगायचंय." वाचताना चालेल. ऐकताना 'फोन करून' हे शब्द येईतो 'आधी कळवलंय ते सोडून' ही अट गळून गेलेली असते. तेच तोडून सांगा: "आज दुपारी दोनच्या आत काही लोकांना फोन करायचेत. कालच्या यादीत ज्यांचे अर्ज अपुरे आहेत, त्यांना. नंबर यादीतच आहेत. ज्यांना आधी कळवलंय त्यांना सोडा. राहिलेले कागद घेऊन या, एवढंच सांगा." पाच वाक्यं झाली, पण प्रत्येक वाक्य ऐकताक्षणी निकाली निघतं.

एका दमात किती सांगावं? जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये तात्पुरत्या स्मरणाची मर्यादा सात, त्यात दोन कमी-जास्त, अशी मांडली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती साधारण चारवर आणली. घाई, आवाज, काळजी यांत ती आणखी घटते. म्हणून तोंडी सांगताना तीन गोष्टी पुरे. "तीन गोष्टी आहेत" असं आधी सांगितलं, तर ऐकणारा मोजत राहतो आणि दोनवर थांबलात तर स्वतः विचारतो. चौथी गोष्ट निघाली की कागद काढा.

हमखास घोटाळा करणारे शब्द

काही शब्द बोलणाऱ्याला अगदी नेमके वाटतात आणि ऐकणारा त्यातून त्याला हवा तो अर्थ घेतो.

- परवा. मागचा की पुढचा? क्रियापदावरून कळतं हे खरं, पण "परवाच्या मीटिंगचं काय?" यात क्रियापदच नाही. वार आणि तारीख दोन्ही सांगा: "गुरुवारी, १२ तारखेला." दोन्हींचा मेळ बसला नाही तर चूक तिथल्या तिथे उघडी पडते, हा दुहेरी सांगण्याचा खरा फायदा. 'पुढच्या शुक्रवारी' हेही याच जातीतलं.
- आपण. "आपण हे पत्र पाठवायला हवं." यातला 'आपण' म्हणजे आदराने 'तुम्ही', की आपण सगळे? मीटिंगमध्ये दहा जणांसमोर हे वाक्य बोललं, तर पत्र कोणीच पाठवत नाही. नाव घ्या.
- कर्ताच नसलेली वाक्यं. "ते कळवायचं राहिलंय." "यादी करून घ्यायला हवी." बोलणाऱ्याला वाटतं काम सोपवलं, ऐकणाऱ्याला वाटतं माहिती मिळाली.
- बघतो, करू, होऊन जाईल. यांत होकारही आहे आणि नकारही. असं उत्तर आलं तर चिडू नका, पुढचा प्रश्न विचारा: "म्हणजे बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत होईल असं धरू का?" तारीख ऐकली की खरा होकार किंवा खरी अडचण, दोन्हींपैकी एक बाहेर येतं.
- आकडे. सदतीस-अडतीस, सदुसष्ट-अडुसष्ट, सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर कानाला जवळजवळ सारखे लागतात. एकोणचाळीस ऐकून हात ४९ लिहून मोकळा होतो. महत्त्वाचा आकडा दोनदा सांगा, दुसऱ्यांदा सुटा: "सदुसष्ट, सहा-सात."
- वेळ. 'पावणेसहा' म्हटलं की 'सहा' लक्षात राहतात. "पावणेसहा, म्हणजे पाच पंचेचाळीस" असं म्हणा. '१५ तारखेला रात्री बारा' तर सांगूच नये. ती १५ ची सुरुवात की शेवट, यावर दोन मतं असतात. ११:५९ सांगा.

'लवकर', 'थोडं', 'नीट', 'जरा' हे शब्द बोलण्यातून काढता येणार नाहीत, काढूही नयेत. फक्त त्यांच्यावर काम अवलंबून असेल तर शेजारी माप ठेवा.

परत म्हणून घेणं

टेनेरीफ बेटावर २७ मार्च १९७७ रोजी धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती, पण त्यांतलं एक निव्वळ बोलण्याचं होतं. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना एका विमानातून "आम्ही आता टेक-ऑफला आहोत" अशा अर्थाचं वाक्य आलं. नियंत्रकाने ते 'उड्डाणासाठी तयार उभे आहेत' असं घेतलं आणि "ओके" म्हटलं. थांबा, मी सांगतो, असंही तो पुढे म्हणाला, पण त्याच क्षणी दुसरं विमान रेडिओवर बोललं. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले आणि पहिल्या विमानात किरकिर तेवढी ऐकू आली. ते विमान तोवर धावायला लागलेलं होतं.

त्यानंतर विमानवाहतुकीत 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, असं ठरलं. एरवी 'डिपार्चर'. आणि परवानगीला नुसतं "ओके" हे उत्तर चालत नाही. मिळालेली सूचना वैमानिकाने परत म्हणायची आणि नियंत्रकाने ती ऐकून तपासायची. रोजच्या कामात हीच गोष्ट अशी करता येते:

१. भार स्वतःवर घ्या. "मी नीट सांगितलंय का ते बघू द्या. तुम्ही आता काय-काय करणार, एकदा सांगता का?" हे वाक्य असंच्या असं वापरलं तरी चालेल. "समजलं का?" विचारू नका. त्याला "हो" शिवाय दुसरं उत्तर येत नाही. न समजलेल्याला न समजल्याचं कळलेलंच नसतं, आणि ज्याला कळलेलं असतं त्याला कबूल करायची लाज वाटते.

२. मग गप्प बसा. मध्ये शब्द पुरवू नका. तुम्ही पुरवलेला प्रत्येक शब्द म्हणजे न तपासलेली जागा.

३. चार जागा तपासा: कोण करणार, नेमकं काय, कधीपर्यंत, आणि झाल्यावर किंवा अडल्यावर कुणाला कळवणार. चौथी जागा सगळ्यात जास्त वेळा रिकामी राहते.

४. काही सुटलं असेल तर तेवढंच जोडा. काही बदललं असेल तर सगळं पहिल्यापासून सांगा, पण वेगळ्या शब्दांत. तेच वाक्य आवाज चढवून म्हटलं, तर तोच गैरसमज पक्का होतो.

५. शेवटी "बरोबर" म्हणा. हे ऐकल्याशिवाय समोरचा अर्धवट शंकेत राहतो.

यात सगळ्यात कठीण आहे ते परत म्हटलेलं खरोखर ऐकणं. एक नमुना बघा:

"शुक्रवारी सकाळी दहाच्या आत सगळी संमतिपत्रं जमा करून ऑफिसात द्या. ज्यांची आली नाहीत त्यांची नावं वेगळ्या कागदावर लिहून द्या."

"हो ताई, शुक्रवारपर्यंत संमतिपत्रं गोळा करून ऑफिसात देते."

इथे बहुतेक जण मान डोलावतात. शुक्रवार आला, संमतिपत्रं आली, ऑफिस आलं, सगळे ओळखीचे शब्द कानावर पडले. पण 'सकाळी दहाच्या आत' याचं 'शुक्रवारपर्यंत' झालंय, म्हणजे कागद संध्याकाळी येणार. आणि न आलेल्यांची यादी पूर्ण गळाली. उत्तर असं हवं: "वेळ शुक्रवार सकाळी दहाच्या आत, संध्याकाळी नको. आणि न आलेल्यांची नावं राहिली." आपल्याला जे ऐकायचंय तेच ऐकू येतं, म्हणून तपासताना स्वतःचं वाक्य समोर लिहिलेलं असावं आणि एकेक तुकडा बोटाने टेकत जावं. बालिश वाटलं तरी चूक पकडायला याच्याइतकं स्वस्त काही नाही.

सांगणारा वरिष्ठ असेल आणि तो विचारत नसेल, तर ऐकणाऱ्याने स्वतःहून करावं: "मॅडम, लिहून घेतलंय, एकदा वाचून दाखवतो." याला कोणी नाही म्हणत नाही. प्रत्येक क्षुल्लक गोष्टीला मात्र हे लावू नका, माणसं वैतागतात. चूक झाली तर निस्तरायला महागात पडेल अशीच कामं, आणि सगळे आकडे, तारखा, औषधाचे डोस व पत्ते, यांसाठी हे राखून ठेवा.

निरोप गंभीर असेल तेव्हा

अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत गेलेली चार भागांची पद्धत कुठेही चालते: आत्ता काय झालंय, त्याआधी काय झालं, मला काय वाटतं, आणि तुमच्याकडून काय हवंय. उदाहरणार्थ: "छपाईचं मशीन बंद पडलंय, दोनशेपैकी ऐंशी पुस्तिका झाल्यात. सकाळपासून दोनदा अडकलं, दोन्ही वेळा कागद काढून चालू केलं होतं. मला वाटतं रोलर गेलाय, आज दुरुस्त होणार नाही. उरलेल्या एकशेवीस बाहेरून छापून घ्यायला परवानगी हवी, तीही चारच्या आत, नाहीतर उद्या सकाळी मिळणार नाहीत." अर्धा मिनिटही लागत नाही. तिसरा भाग बोलायला लोक कचरतात, विशेषतः वरिष्ठांसमोर. पण जागेवर असलेल्या माणसाचा अंदाज चुकला तरी उपयोगी असतो. ऐकणाऱ्याला निदान खोडायला काहीतरी मिळतं.

आणि गांभीर्य आडून सुचवू नका. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्ककडे येणाऱ्या एव्हिआन्का ५२ या विमानाचं इंधन संपत आलं होतं. वैमानिकांनी प्राधान्य हवंय म्हटलं, इंधन संपतंय असंही म्हटलं, पण 'आणीबाणी' हा ठरलेला शब्द उच्चारला नाही. त्यामुळे नियंत्रकांना प्रसंग किती टोकाचा आहे ते उमगलं नाही. चारही इंजिनं बंद पडून विमान कोसळलं आणि ७३ जणांचा जीव गेला. "जरा बघाल का, थोडा प्रॉब्लेम आहे" हे त्याचंच घरगुती रूप. "हे आज झालं नाही तर अर्ज बाद होईल", असं परिणामासकट बोला.

ऐकण्याची बाजू

माणसं बोलताना एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत किती अंतर असतं? दहा भाषांवरच्या एका अभ्यासात, जो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, ते साधारण २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. एखाद्या चित्राचं नाव मनात जुळवून तोंडातून काढायलाच ६०० च्या आसपास लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. हा कुणाचा उद्धटपणा नाही, मेंदू असाच चालतो. म्हणूनच "लक्ष देऊन ऐक" या उपदेशाचा उपयोग होत नाही आणि हाताला काहीतरी ठरलेलं काम द्यावं लागतं.

उत्तर सुचलं की एका शब्दात कागदावर टाका. ते हरवणार नाही याची खात्री झाली की डोकं परत ऐकायला मोकळं होतं. समोरच्याचं वाक्य संपल्यावर मनात "एक, दोन" म्हणा आणि मग बोला. पहिल्या दिवशी ही शांतता अंगावर येते. पण खरी गोष्ट अनेकदा याच दोन सेकंदांत, "आणि अजून एक म्हणजे..." अशी बाहेर येते. फोन पालथा ठेवून भागत नाही, नजरेआड ठेवा.

मध्येच तोडण्याचं नुकसान मराठीत जास्तच होतं, कारण आपला नकार शेवटी असतो. "त्या जुन्या फायली या कपाटातून काढून टाकायच्या..." इथे उत्साहाने "हो हो, कळलं" म्हणून निघालात, तर शेवटचं 'नाहीयेत' ऐकायचं राहिलं. डॉक्टरांच्या तपासणीच्या ७४ भेटींवरचा एक अभ्यास १९८४ मध्ये झाला होता. त्यात रुग्णाचं सुरुवातीचं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडलं जात होतं. आपलंही घड्याळ लावून बघा.

'हं' आणि 'हो' वेगळे ठेवा. आपण 'ऐकतोय' या अर्थाने 'हो, हो' म्हणत राहतो आणि समोरचा ते 'मान्य आहे' असं धरून चालतो. नुसतं ऐकत असाल तर 'हं' किंवा 'ऐकतेय' म्हणा. मान्य असेल तेव्हाच 'हो', आणि तेही काय मान्य आहे त्यासकट.

सगळं ऐकून झाल्यावर आपल्या शब्दांत परत मांडा. त्यात तीन गोष्टी याव्यात: काय घडलं, त्याचं त्यांना काय वाटतंय, आणि त्यांना काय हवंय. "तारीख दोनदा बदलली, दोन्ही वेळा तुम्हाला शेवटी कळलं, त्याचा राग आहे, आणि पुढच्या वेळी आधी विचारावं असं तुमचं म्हणणं. बरोबर?" यात बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, पोपटपंची: त्यांचेच शब्द जसेच्या तसे फेकले, तर चेष्टा वाटते. दुसरं, मांडता-मांडता त्यात आपला बचाव घुसडणं: "म्हणजे सगळी चूक माझीच, असं ना?" हे वाक्य ऐकण्याचं सोंग घेतलेलं भांडण आहे. "नाही, तसं नाही" असं उत्तर आलं तर वाद न घालता "मग कसं?" विचारा. चुकीचं मांडल्यावर लोक स्वतःच जास्त स्पष्ट सांगतात, त्यामुळे पहिला प्रयत्न चुकला तरी वाया जात नाही.

प्रश्न एका वेळी एकच विचारा. तीन एकदम विचारले, तर उत्तर शेवटच्याचं किंवा सोप्याचं मिळतं. "अजून काही नाही ना?" हा प्रश्न दार लावून घेतो. "अजून काय आहे?" विचारलं, तर सांगणाऱ्याला वाटतं की असणं अपेक्षितच आहे. आणि कुणी दुःख सांगत असेल तर सल्ला सुरू करण्याआधी विचारा: "मी नुसतं ऐकू, की काही सुचवू?"

ऐकायला कमी येणाऱ्याशी बोलताना ओरडू नका. ओरडण्याने ओठांचा आकार बिघडतो आणि आवाज फाटतो. चेहऱ्यावर उजेड पडेल असे समोर बसा, थोडं सावकाश बोला, आणि एखादं वाक्य दोनदा कळलं नाही तर शब्द बदला.

फोन आणि मेसेज

जुन्या पद्धतीच्या फोन लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमधलाच आवाज जातो. 'स', 'फ' यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी त्याहून वरच्या भागात असते, म्हणून फोनवर नावं चुकतात. अक्षर सांगताना शब्द जोडा: 'फ फणसातला', 'स समईतला'. मोबाइल नंबर एकेक आकडा करून, तीन-तीन किंवा चार-चारच्या गटात सांगा आणि समोरच्याने परत म्हटल्यावरच पुढचा गट घ्या.

फोन ठेवल्यावर ठरलेलं तीन ओळींत पाठवा: काय, कोण, कधीपर्यंत. एका मेसेजमध्ये एकच काम असावं. दोन कामं असली की पहिल्यालाच उत्तर येतं. मतभेद निघाला आणि दोन मेसेजनंतरही मिटला नाही, तर टाइप करणं थांबवून फोन करा. लिहिलेल्या ओळीला सूर नसतो, आणि चिडलेला वाचणारा तो स्वतःच्या मनातला लावतो.

बिनसलंच तर

गोंधळ झालाच, तर "मी काय म्हणालो होतो" यापासून सुरुवात करू नका. "तुम्ही काय ऐकलं होतंत?" विचारा आणि उत्तर पूर्ण होऊ द्या. त्यातून तुमचं नेमकं कोणतं वाक्य वाकडं गेलं ते सापडतं. आधी काम सावरा: आता काय झालंय, अजून काय थांबवता येईल, कुणाला कळवायला हवं. वाक्याची दुरुस्ती त्याच दिवशी, पण नंतर. तोच गोंधळ त्याच कामात पुन्हा झाला, तर माणूस बदलण्याआधी सूचना बदला. तोंडी असेल तर लेखी करा, लेखी असेल तर एक नमुना भरून सोबत ठेवा.